बावीस अक्षरे, बावीस पाने

टॅरोच्या ७८ पानांपैकी २२ पाने बाकीच्यांहून वेगळी असतात. त्यांवर मूर्ख, जादूगार, मृत्यू, सूर्य, जग अशी चित्रे असतात. हिब्रू वर्णमालेतली अक्षरेही २२. या एका आकड्याच्या आधारावर जवळजवळ अडीचशे वर्षे असे सांगितले जात आहे की, ही पाने म्हणजे त्या अक्षरांचीच चित्रे आहेत आणि दोहोंमागे एक लपलेले गणित आहे. मी भाषांतरकार आहे. दोन संहिता कुठे खरोखर जुळतात आणि कुठे ओढूनताणून जुळवल्या आहेत, हे पाहणे माझे रोजचे काम. त्याच नजरेने मी या दाव्याकडे पाहते.

आधी दाव्याची बळकट बाजू. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते: आलेफ १, बेथ २, योद १०, ताव ४००. पंधरा हा आकडा योद-हे, म्हणजे १० आणि ५, असा लिहीत नाहीत. तेथ-वाव, म्हणजे ९ आणि ६, असा लिहितात. कारण योद-हे ही देवाच्या नावाची पहिली दोन अक्षरे आहेत. आपल्याकडची कटपयादी पद्धत ठाऊक असलेल्यांना अक्षरांनी आकडे लिहिण्याचे नवल वाटणार नाही. ‘सेफेर येत्सिरा’ या जुन्या ग्रंथात तर २२ अक्षरांचे तीन, सात आणि बारा असे गट पाडले आहेत आणि अक्षरांच्या जोड्यांना २३१ द्वारे म्हटले आहे. आता टॅरोच्या चित्रपानांवरचे १ ते २१ हे आकडे मिळवून पाहा. बेरीज येते २३१.

हा योगायोगसुद्धा नाही. हे निव्वळ अंकगणित आहे. २२ वस्तूंपैकी पहिलीची जोडी उरलेल्या २१ जणींशी लागते, दुसरीची २० जणींशी, आणि असेच एकपर्यंत. क्रिकेटच्या दोन संघांतल्या बावीस खेळाडूंनी प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले, तरी हस्तांदोलने २३१ च होतील. शिवाय याहून सफाईदार जुळणी दुसरीकडे सापडते. दोन फासे टाकले, तर क्रम न मोजता २१ वेगवेगळी दाने पडू शकतात. तीन फाशांची ५६. टॅरोत क्रमांकित चित्रपाने २१ आणि साधी पाने ५६. इथे एक नव्हे, दोन आकडे जुळले. तरी टॅरो फाशांतून निघाला, असे यावरून सिद्ध होत नाही. चार रंगांची प्रत्येकी चौदा पाने धरली की ५६ होतातच.

म्हणून इतिहासाकडे वळावे लागते. या पानांच्या सुरुवातीच्या नोंदी १४४० च्या फ्लॉरेन्समध्ये आणि १४४२ च्या फेर्रारात मिळतात आणि त्या एका खेळाच्या आहेत. चित्रपाने म्हणजे कायमचे हुकूम; त्यांनी हात जिंकायचे. मूर्ख हे पान तर मुळात हुकूमही नाही. ते टाकले की उतरलेल्या रंगाचे पान देण्यातून सुटका होते. म्हणजे खेळणाऱ्यांच्या हिशेबी बावीस नव्हे, एकवीस आणि एक. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या पानांवर आकडेच नाहीत. हुकमांचा क्रम शहरागणिक बदलत असे. फ्लॉरेन्समध्ये पुढे मिन्क्याते हा ९७ पानांचा खेळ रूढ झाला. त्यात हुकूम ४० होते. ख्रिस्ती विद्वानांमधली कब्बालाची ओढ ठळक होते ती पिको देल्ला मिरांदोलाच्या १४८६ च्या ९०० प्रमेयांत, म्हणजे पाने खेळात आल्यावर चार दशकांहून अधिक काळाने. मायकेल डमेट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८० च्या ‘द गेम ऑफ टॅरो’ या ग्रंथात हा खेळाचा इतिहास सविस्तर मांडला आहे.

हिब्रूचा धागा जोडला गेला तो १७८१ मध्ये, पॅरिसला. आंत्वान कूर द जेबलँ याने टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियोँने उलगडायला तेव्हा चार दशके अवकाश होता. त्याच खंडात कोंत द मेले याने पाने आणि अक्षरे जुळवली, तीही उलट्या क्रमाने: जग म्हणजे आलेफ, मूर्ख म्हणजे शेवटचे ताव. १८५० च्या दशकात एलिफास लेवीने क्रम सुलटा केला. त्याच्याकडे आलेफ झाला जादूगार आणि मूर्ख गेला शिनपाशी. १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळाने मूर्खाला आलेफ दिले, म्हणून जादूगार बेथवर सरकला. एकच मूर्ख, तीन मांडण्या, तीन अक्षरे.

तिसऱ्या मांडणीतही एक अडचण उरली. अक्षरांना राशी जोडल्यावर सिंह आठव्या पानावर येई आणि तूळ अकराव्या. पण आठवे पान तराजूवाल्या न्यायाचे होते आणि अकरावे सिंहासोबतच्या बळाचे. तेव्हा मंडळाने पानांचीच अदलाबदल केली. १९०९ च्या रायडर-वेट कॅटमध्ये तोच बदल छापला गेला. आज जगभर हाच कॅट सर्वांत परिचित असल्याने, तो हातात घेऊन जुळणी तपासणाऱ्याला ती चोख सापडते. भाषांतर बरोबर ठरावे म्हणून मूळ संहिता दुरुस्त करावी, तसा हा प्रकार.

पत्त्यांच्या खेळाचे यात फारसे बिघडले नाही. फ्रान्समध्ये टॅरो आजही खेळला जातो. मला सलते ते अक्षरांचे. ती एका वाचणाऱ्या समाजाची आहेत, आणि त्यांतले काही वाचक मराठी बोलणारे आहेत. १८७४ मध्ये पुण्याला बेने इस्रायलांसाठी एक हग्गादा छापली गेली. तीत हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर सोबत आहेत. वल्हांडणाच्या रात्री ती उघडणाऱ्याला आलेफमागे मूर्ख किंवा जादूगार शोधावा लागत नव्हता. त्याला पुढचा शब्द वाचायचा होता.