तारखेची भाषा

ओन कावारा यांच्या चित्रांत चित्रकार सापडत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्याला कारण त्यांनीच पुरवले. मुलाखत द्यायची नाही, छायाचित्र काढू द्यायचे नाही. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चरित्राच्या जागी केवळ जगून झालेल्या दिवसांचा आकडा. २०१४ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले तेव्हा तो २९,७७१ वर थांबला. तरीही मला वाटते, देश सोडलेल्या माणसाचे चरित्र त्यांनी उघड्यावरच मांडून ठेवले आहे. ते तारखेच्या भाषेत शोधावे लागते, एवढेच.

हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १९५३-५४च्या ‘न्हाणीघर’ या त्यांच्या पेन्सिल-चित्रमालिकेत फरश्यांच्या कोंदट खोल्यांत तुटलेली शरीरे पडलेली दिसतात. तोक्योत त्यांचे नाव झाले ते या चित्रांनी. १९५९ मध्ये ते मेक्सिकोला निघून गेले आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कला स्थिरावले.

तिथे ४ जानेवारी १९६६ रोजी पहिले तारीखचित्र झाले. एका रंगाची सपाट पार्श्वभूमी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याच दिवसाची तारीख. अक्षरे छापील वाटतात, पण साचा न वापरता हाताने रंगवलेली. मध्यरात्रीपर्यंत पुरे झाले नाही तर चित्र नष्ट करायचे. पुरे झालेले पुठ्ठ्याच्या खोक्यात जाई, पुष्कळदा स्थानिक वर्तमानपत्राच्या कात्रणासह. शंभराहून अधिक शहरांत अशी सुमारे तीन हजार चित्रे झाली.

तारीख मात्र ज्या देशात असतील तिथल्या भाषेत. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी, मेक्सिकोत स्पॅनिश. जिथली लिपी रोमन नाही तिथे एस्पेरांतो, म्हणजे १८८७ साली झामेनहॉफ यांनी मांडलेली, कोणत्याच राष्ट्राची नसलेली भाषा. आता जपानची लिपी रोमन नाही. त्यामुळे जपानला गेल्यावर तिथे रंगवलेल्या तारखाही एस्पेरांतोत आहेत! अक्षरांच्या एकसारखेपणासाठी केलेली ही सोय, असे कोणी म्हणेल. म्हणो. परमुलखात तिथली भाषा आणि जन्मभूमीत कोणाचीच नाही, हे नुसत्या सोयीतून झाले यावर माझा विश्वास बसत नाही.

१९७०पासून ते ओळखीच्यांना तारा पाठवू लागले. आपल्याकडे तार आली म्हटले की घरात धस्स होई. यांच्या तारेत मजकूर नेमका उलटा, आणि तो इंग्रजीत: आपण अजून जिवंत आहोत. खाली नाव.