पैठणचा माल आणि शेतकऱ्याचा वाटा

शेतमालाची निर्यात वाढली की शेतकऱ्याचा गौरव झाला, असे आपण सहज म्हणतो. इतिहास जरा निराळे सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून ते २० दिवसांच्या वाटेवर होते. पैठण व तेर येथून गाड्या भरून माल भडोचला जाई. तेरच्या मालात जाडेभरडे कापड असे, मलमलही असे. ग्रंथात गावांची नावे आली. कापूस पिकविणारा मात्र आला नाही.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडताच इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या. भाव चढले, आणि त्या भरवशावर सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले. भाव उतरले, कर्ज तेवढे राहिले. अखेर १८७५ साली शेजारच्या नगर आणि पुणे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली.

आज मराठवाड्याचा केशर आंबा परदेशी जातो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु भाव चढता शेतकऱ्याच्या पदरी किती पडते आणि भाव पडता त्याला कोण सावरते, हे विचारल्यावाचून त्याचा गौरव पुरा होत नाही.