कोरोनात ॲस्पिरिनने जीव वाचतो का? मोठ्या चाचणीचं उत्तर काय?

कोरोनाच्या गंभीर रुग्णांमध्ये फुफ्फुसांत आणि इतरत्र रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. ॲस्पिरिन प्लेटलेट एकमेकांना चिकटू देत नाही. मग ही स्वस्त गोळी कामी येईल, अशी डॉक्टरांनाही आशा होती. सुरुवातीच्या काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाही. पण खरं-खोटं मोठ्या चाचणीतूनच कळणार होतं.

चाचणी कशी झाली?
ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात रुग्णालयात दाखल १४,८९२ रुग्ण घेतले. रुग्ण ब्रिटन, नेपाळ आणि इंडोनेशियातले होते. चिठ्ठी काढल्यासारखे दोन गट पाडले. ७,३५१ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, तर ७,५४१ जणांना फक्त नेहमीचे उपचार.

निष्कर्ष काय?
२८ दिवसांत ॲस्पिरिन गटात १,२२२, तर दुसऱ्या गटात १,२९९ जण दगावले. म्हणजे दोन्हीकडे साधारण १७ टक्के. व्हेंटिलेटरची वेळ येणंही टळलं नाही. दर हजार रुग्णांमागे सुमारे ६ जणांच्या गुठळ्या टळल्या, पण तितक्याच जणांना मोठा रक्तस्राव झाला. थोडक्यात, एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने गेलं.

फरक का पडला नाही?
बहुतेक रुग्णांना स्टेरॉइड सुरू होतं, अनेकांना रक्त पातळ करणारी हेपरिनसारखी इंजेक्शनंही होती. त्यावर ॲस्पिरिनची भर फारशी पडली नसावी. याच चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले होते.

घरी काय लक्षात ठेवाल?
• हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. ही चाचणी आधीपासून ती घेणाऱ्यांसाठी नव्हती.
• तापात, विशेषतः डेंग्यूचा संशय असेल तर, डिस्प्रिन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही योग्य मात्रेत.
• फ्लू किंवा कांजण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. यकृत आणि मेंदूला इजा करणारा ‘रे सिंड्रोम’ होण्याची भीती असते.
• आधीच ॲस्पिरिन सुरू असलेल्यांना ताप आला, तर लगेच डॉक्टरांना तसं सांगा.