डुलॅली

जुन्या वळणाची इंग्रजी विनोदी कथा वाचताना एखादा कर्नल ‘डुलॅली’ झालेला भेटला, की वाचक शब्दकोश धुंडाळतो. शब्दाचं माहेर मात्र आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीहून काही तासांवर, नाशिकजवळच्या देवळालीत. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. हाताला काम नाही, वरून ऊन; काहींचं डोकं फिरे. त्याला नाव पडलं ‘डुलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप! १९७४ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेची छावणीही सुरुवातीला देवळालीचीच. तोवर इंग्रजांचा ताप उतरला होता, नुसतं ‘डुलॅली’ उरलं होतं. आता ते जरा चक्रम माणसाला हसत-हसत चिकटवतात. काळेवाडी फाट्यावर गाडी अडकली, की आपण मात्र अजून ‘डोक्याला ताप’च म्हणतो.