भिंत ज्याची त्याची

बस वाशीचा पूल उतरते आणि तुम्ही सवयीनं रेल्वेचे रूळ शोधता. नाहीत. हे 1986 आहे. लोकल खाडी ओलांडून वाशीला यायला 1992 उजाडायचं आहे. जून संपत आलाय. शीव-पनवेल रस्त्यावर बेलापूरला उतरा आणि पारसिकच्या डोंगराकडे चालू लागा. छत्रीचा फार उपयोग नाही. नैऋत्येची झड मागून येतेय, पाठ भिजणारच.

सिडकोची नवी वसाहत बघायची म्हणून तुमची नजर वर जाते, चौथा-पाचवा मजला शोधत. तिथं नुसते ढग. वसाहत खाली आहे: उतरती कौलारू छपरं, चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, एक मजला, फार तर दोन. कोकणातल्या एखाद्या वाडीत चुकून शिरल्यासारखं वाटतं.

बोळातून आत गेलात की अंगण लागतं. पावलं मोजा. दहा-बारा पावलांत, म्हणजे साधारण आठ मीटरमध्ये ते संपतं, आणि भोवती सात घरं. तुम्ही चौथं पाऊल टाकता तोच वळचणीखाली बादली लावणारी बाई मान वर करते.

"कोणाकडे आलात?"

या प्रश्नापुरतंच हे अंगण बेतलंय, असं माझं मत आहे. याहून मोठं असतं तर तुम्ही कडेकडेनं निघून गेला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. याहून लहान असतं तर पोरांचा चेंडू दर मिनिटाला कोणाच्या तरी कढईत पडला असता. वसाहतीचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी इथं रखवालदाराची चौकी काढलेली नाही. सात दारं समोरासमोर आणली, बाकीचं काम बाईंवर सोपवलं.

"घर बघायला आलोय," असं सांगून बघा. बाई तुम्हाला ओटीवर घेतील, पाय पुसायला गोणपाट देतील. खाली खोली, स्वयंपाकाचा कोपरा, वर जायला लाकडी जिना. बाई चाळीतल्या एका खोलीतून आल्यात. "जागा काही फार नाही हो. पण वर कोणी नाही न् खाली कोणी नाही." मग त्यांचे यजमान तुम्हाला पावसातच बाहेर काढतात आणि घरामागचा मोकळा चिखल दाखवतात. इथं पुढच्या वर्षी खोली. पैसे जमले तर. नाही जमले तर त्याच्या पुढच्या वर्षी.

आता शेजारच्या घराकडे नीट बघा. त्याची भिंत याच्या भिंतीत गुंतलेली नाही. एकेका घराचा प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचा. एवढ्याशा जागेत सामाईक भिंती घातल्या असत्या तर विटा वाचल्या असत्या, हे कोणताही मिस्त्री सांगेल. कोरियांनी तो हिशेब करून सोडून दिला. भिंत स्वतःची असेल तर माणूस शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली काढतो, खिडकी फोडतो, माळा चढवतो. आणि ते काम गावातल्या गवंड्यालाही जमावं इतकी रचना साधी ठेवली. प्लॉटच्या त्या आकड्यांतही मेख आहे. राहणाऱ्यांच्या मिळकतीत कितीतरी पटींचं अंतर, जमिनीत मात्र दुपटीचंही नाही.

पावसाचा जोर वाढलाय, तर पाण्याच्या मागं जा. कौलांवरून ते अंगणात येतं, उतार धरून पुढं सरकतं. सात-सात घरांचे तीन पुंजके मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटरचं मैदान. तशी तीन एकवीस एकत्र आली की वीस मीटरची मोकळी जागा. मधून एक ओढा वाहतो. दुसऱ्या कोणी तो बुजवून वर रस्ता काढला असता. इथं तोच वसाहतीचा कणा आहे. जास्तीचं पाणी घेऊन तो आत्ता गढूळ, फुगलेला चाललाय. साडेपाचेक हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं बसवली आहेत, लिफ्टशिवाय, हे तुमच्या ध्यानातही आलेलं नसतं.

याच कोरियांनी तीन वर्षांपूर्वी पेडर रोडला कांचनजंगा पुरी केली: 28 मजले, घरं फक्त 32. तिथं पैसा होता, जागा नव्हती. वारा हवा तर पश्चिमेला तोंड करावं लागतं; पश्चिमेलाच दुपारचं ऊन आणि ही झड. म्हणून जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी दुप्पट उंच करून इमारतीच्या कोपऱ्यांत बसवला. बेलापुरात तेच काम अंगण आणि वळचण करतात, स्वस्तात. मला विचाराल तर अवघड गणित इथलंच.

आता चाळीसेक वर्षं पुढं या. लोकलनं.

कौलं शोधावी लागतात. बहुतेक प्लॉटांवर तीन मजली आरसीसी उभं आहे. ग्रॅनाइट, काळ्या काचा, स्टीलचे कठडे. आर्किटेक्चरची पोरं कॅमेरे घेऊन येतात, पुस्तकातलं घर कुठं दिसेना म्हणून हिरमुसतात. मी त्यांच्यासोबत गळा काढणार नाही. बाल्कनीची जाळी बदलायला सोसायटीचं पत्र आणणाऱ्या आपल्या मुंबईत या लोकांनी शेजाऱ्याच्या भिंतीला तडा न जाऊ देता अख्खं घर पाडून नवं बांधलं. पण सगळं गोडही नाही. वर चढलेल्या मजल्यांनी खालच्यांचा वारा अडवलाय, आणि अंगणात गाड्या लागल्यात.

तरी अंगण आहे. ते सातांचं असल्यामुळे एकट्याला गिळता आलं नाही.

त्यातलं एक घर अजून जुनंच आहे, शेवाळलेल्या कौलांचं. पाऊस सुरू होतो म्हणून त्याच्या वळचणीखाली उभे राहा. शेजारच्या उंच घराच्या गच्चीवरून एक पाइप खाली येतो, थेट या कौलांच्या रोखानं. पाइप पिवळा पडलाय. त्याच्या टोकाला मात्र नवाकोरा एल्बो बसवलाय, आणि पाणी वळून अंगणात पडतंय.