ब्राझीलियन जुजुत्सूतील पायाचे पेच व स्पर्धानियम

प्रतिस्पर्ध्याच्या घोट्यावर अथवा गुडघ्यावर ताण देऊन त्यास हार मान्य करावयास लावणाऱ्या डावांना पायाचे पेच म्हणतात. ब्राझीलियन जुजुत्सू ह्या जमिनीवरील झुंजीस प्राधान्य देणाऱ्या खेळात हाताच्या पेचांना व गळा आवळण्याच्या डावांना आरंभापासून मान मिळाला. पायाच्या पेचांविषयी मात्र दीर्घकाळ संशयाची भावना राहिली. तीमागे दुखापतीचे भय होते, तसेच सामाजिक प्रतिष्ठेचाही भाग होता.

ह्या खेळाचे मूळ जपानी ज्यूदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापन केली. पुढे ज्यूदोच्या स्पर्धानियमांतून सांध्यांवरील पेच क्रमाक्रमाने वगळण्यात आले आणि १९२५ पासून केवळ कोपरावरील पेचच ग्राह्य राहिले. पाय गुंतवून गुडघा पिरगळण्याचा ‘आशी-गारामी’ हा डाव कोदोकानच्या ‘कातामे-नो-काता’ ह्या साचेबद्ध प्रात्यक्षिकात टिकून आहे. स्पर्धेत मात्र तो निषिद्ध आहे. मित्सुयो माएदा हा कोदोकानचा मल्ल १९०४ मध्येच जपानबाहेर पडला होता. १९१४ मध्ये तो ब्राझीलला पोहोचला व पुढे बेलेम येथे स्थायिक झाला. कार्लोस ग्रेसी यांना त्याच्याकडून ही विद्या मिळाली. १९२५ चा निर्बंध त्यानंतरचा असल्याने ब्राझीलमधील शाखेवर तो बंधनकारक नव्हता. असे असूनही ग्रेसी कुटुंबाच्या शिकवणीत पायाचे पेच गौणच राहिले. प्रतिस्पर्ध्याचे पाय ओलांडून त्याच्या छातीवर वा पाठीवर ताबा मिळवावा, ही त्यांची मूळ दृष्टी. पायाचा पेच घेणारा हा ताबा सोडून देतो, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता.

रीओ दे जानेरोच्या उपनगरात शिकविणारे ओस्वाल्दो फाद्दा (१९२१–२००५) यांची परंपरा ग्रेसींहून वेगळी होती. त्यांचे गुरू लुईझ फ्रांसा. फाद्दा गरीब मुलांना विनामूल्य शिकवीत. १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या शिष्यांनी ग्रेसी अकादमीच्या शिष्यांना आव्हान देऊन पराभूत केले व त्यात घोट्याच्या पेचांचा मोठा वाटा होता. तेव्हापासून हे डाव ‘उपनगरी तंत्र’ म्हणून हिणवले जाऊ लागले.

कार्लोस ग्रेसी (कनिष्ठ) यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला व १९९६ मध्ये रीओ येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. महासंघाच्या नियमांत पट्ट्याच्या रंगानुसार, म्हणजे खेळाडूच्या श्रेणीनुसार, पायाचे पेच विभागले गेले. पाऊल काखेत धरून घोटा सरळ ताणण्याचा पेच प्रौढ गटात पांढऱ्या पट्ट्यासही मोकळा. गुडघा उलट ताणणे, पाऊल पिरगळणे व पोटरी चेपणे हे डाव तपकिरी व काळ्या पट्ट्यांपुरते. ‘हील हुक’ मात्र सर्वांनाच वर्ज्य होता. ह्या डावात टाच कोपराच्या खोबणीत धरून पिरगळतात. टाचेबरोबर नडगीचे हाड फिरते, पण जखडलेली मांडी फिरत नाही. त्यामुळे सर्व ताण गुडघ्यातील अस्थिबंधांवर येतो. वेदनेची जाणीव होईतो पुष्कळदा अस्थिबंध तुटलेले असतात. वेदना ही पूर्वसूचना असते, हा इतर पेचांतील अनुभव येथे उपयोगी पडत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर बाहेरून दाब येईल अशा रीतीने आपला पाय त्याच्या शरीराच्या मध्यरेषेपलीकडे आडवा टाकणे, हाही बाद होण्याजोगा दोष ठरला. इजा झालेली नसतानाही केवळ पायाच्या ठेवणीवरून खेळाडू बाद होई, हे ह्या नियमाचे वैगुण्य होय.

मनाईचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की जे स्पर्धेत नाही ते तालमीतही शिकविले जाईना. टाच पकडली गेल्यावर कोणत्या बाजूस वळावे आणि हार केव्हा मानावी, हे न जाणणाऱ्या खेळाडूस हा डाव अधिकच धोक्याचा ठरला. १९९८ मध्ये अबू धाबी येथे सुरू झालेल्या एडीसीसी स्पर्धेत ‘गी’ हा जाड सुती पोषाख नसतो व हील हुकला मुभा असते. तेथे अमेरिकेचा डीन लिस्टर ह्याने पायाच्या पेचांवर नाव मिळविले. त्याच्याशी झालेल्या संभाषणातून प्रेरणा घेऊन जॉन डॅनहर ह्या न्यूयॉर्कमधील प्रशिक्षकाने ह्या डावांची पद्धतशीर मांडणी केली. प्रथम पाय जखडून ताबा मिळवावयाचा व मगच पेच आवळावयाचा, हे तिचे सूत्र. ताबा सुटतो ह्या जुन्या आक्षेपास त्यातून उत्तर मिळाले. २०१९ च्या एडीसीसी स्पर्धेत ७७ किलो गटातील ऑस्ट्रेलियन खेळाडू लॅकलन जाइल्स ह्याने खुल्या गटात आपल्याहून पुष्कळ वजनदार अशा तिघांना हील हुकने हरवून कांस्यपदक मिळविले.

२०२१ पासून महासंघाने पोषाखविरहित विभागात तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंना हील हुकची व पाय आडवा टाकण्याची मुभा दिली. खालच्या श्रेणींना ती नाही. आणि गी घालून खेळावयाच्या विभागात काळ्या पट्ट्याच्या खेळाडूसही हा डाव निषिद्धच राहिला.