दवाखान्यातील छायाचित्रण-कक्ष

त्वचारोग वा प्लास्टिक सर्जरीच्या व्यवसायात छायाचित्र हा रुग्णाच्या नोंदीचाच भाग असतो. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८६५ मध्येच त्वचाविकारांची छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. आजही कित्येकदा मात्र तपासणीच्या टेबलापाशी, ट्यूबलाइटखाली, हाताशी असेल त्या मोबाइलवर फोटो टिपला जातो. सहा महिन्यांनी दुसरा काढला, की डाग खरोखरच फिकट झाला की केवळ प्रकाश बदलला, हे सांगणे अवघड होऊन बसते.

कक्षासाठी मोठी जागा लागत नाही. दहा फूट लांब, सात फूट रुंद कोपरा पुरतो. भिंतीवर चकाकी नसलेला निळा वा करडा पडदा लावावा. पांढरी पार्श्वभूमी टाळावी. तिच्यामुळे कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन फसते आणि सावळी त्वचा आहे त्याहून काळी दिसते. आपल्याकडे हा दोष क्षुल्लक नव्हे. रुग्णाला पडद्यापासून दोन-तीन फूट पुढे बसवावे. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, सुमारे ५,५०० केल्विन वर्णतापमानाचा एकेक दिवा असावा. खिडकी जाड पडद्याने झाकावी.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यास ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स उत्तम. मोबाइल जवळ धरून काढलेल्या चित्रात नाक मोठे दिसते, कान आक्रसतात. नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वीची अशी नोंद निरुपयोगीच. जमिनीवर रुग्णाच्या व कॅमेऱ्याच्या जागेच्या खुणा कराव्यात. कर्णछिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणून समोरून, दोन्ही तिरप्या कोनांतून व दोन्ही बाजूंनी अशी पाच चित्रे घ्यावीत. पहिल्या चित्रात करडे कार्ड धरले, की रंग पुढे जुळवता येतात.

खरी जोखीम संमतीची आहे. उपचाराची नोंद, अध्यापन आणि जाहिरात यांसाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी; एकाच सहीत सारे उरकू नये. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपते, हा भ्रमच आहे. तीळ, गोंदण, मंगळसूत्र यांवरूनही माणूस ओळखू येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही संमती विशिष्ट हेतूपुरतीच मानली आहे. कपडे उतरवावे लागत असल्यास रुग्णाच्याच लिंगाची सहायक व्यक्ती उपस्थित ठेवावी. चित्रे वैयक्तिक मोबाइलवर तर ठेवूच नयेत; तिथून ती घरच्या सहलीच्या फोटोंसोबत आपोआप इंटरनेटवर साठवली जाऊ शकतात.